पाऊस परतला, आता माळा उतरवा

वसई-विरारमध्ये घर काढायचा, म्हणजे रिकामं करून साफ करायचा, मुहूर्त पाऊस ठरवतो, पंचांग नाही. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर धरली. पूर्वीपेक्षा ती पुढे सरकली. वसई तिथून उत्तरेला जेमतेम पन्नास किलोमीटर, त्यामुळे आपलंही गणित तेच. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला आली, पाऊस मुक्कामालाच होता, आणि घट बसायच्या आत सगळं धुऊन काढायचा हट्ट धरणाऱ्यांच्या गोधड्या पंख्याखाली वाळत पडल्या. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे सगळं पुढे गेलं आहे. घटस्थापना 11 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. पाऊस वेळेवर गेला तर दिवाळीपर्यंत चांगला महिना हाताशी राहतो. हा महिना नवे डबे आणि नवी कपाटं आणण्यात घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या दिवसांत घरात काही येण्यापेक्षा घरातून जायला हवं.

शरदातलं ऊन नुसतं कडक नसतं, ते घरात शिरतं. वसई साधारण 19.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा ढग नसते तरी दुपारचं ऊन मिळालं नसतं. 23 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला उतरतो. ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी तो क्षितिजापासून सुमारे 62 अंशांवर असतो, डिसेंबरच्या उत्तरार्धात 47 अंशांवर. आता खिडकीचा माथा जमिनीपासून सात फुटांवर आहे आणि वर छज्जा नाही असं धरा. ऑक्टोबरात ऊन पावणेचार फूट आत येतं, डिसेंबरात सहा-साडेसहा फूट. त्यात मोसमी वारे थांबलेले, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटणारा, आकाश निरभ्र. लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून कपाळावरचा घाम पुसतात. गाद्या, उशा, स्वेटर आणि पुस्तकांची कपाटं यांच्यासाठी मात्र वर्षातला सर्वांत चांगला काळ हाच.

चार महिने घरात काय चाललेलं असतं तेही पाहायला हवं. हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला दुसरं काही लागत नाही. लाकडाचा भुसा, कागदाची खळ, चामड्याच्या पट्ट्यावरचं तेल, सगळं तिचं अन्न. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं प्लायवुडचं कपाट मागून हिरवं-काळं होतं आणि पुढून चकचकीत दिसत राहतं. ते वर्षातून एकदा तरी पुढे ओढावं आणि परत सरकवताना भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं. बुरशी कोरड्या झाडूने कधीच झटकू नये. तिचे बीजाणू उडतात आणि आख्ख्या खोलीत बसतात. तोंडाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुसायचं आणि मग दार उघडं टाकून वाळू द्यायचं. भिंतीच्या रंगाचीही घाई नको. ओल बाहेर पडायच्या आत ऑइलबाउंड किंवा प्लास्टिक रंग चढवला की पुढच्या आषाढात त्याचे पोपडे हातात येतात. जुन्या घरांना चुन्याची सफेदी असायची. चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि भिंतीतली ओल तो कोंडून ठेवत नाही.

कोकण-देशावर अनेक ठिकाणी पावसानंतरच्या या साफसफाईला दसरा काढणं म्हणतात. वसईच्या वाडवळ, सामवेदी, आगरी घरांत त्याला एक रोखठोक कारण होतं: नवं भात. आश्विनात हळवं भात कापणीला येतं, मागोमाग गरवं. खळ्यावर मळणी झाली की धान्य घरात येणार, आणि ते येणार तर कणगी रिकामी हवी. मागच्या वर्षीचा तळाचा तांदूळ काढायचा, कणगी अंगणात आणून उलटी करायची, काठीने ठोकायची, टोके झटकायचे, शेणामातीने पुन्हा लिंपून उन्हात ठेवायची. कणगी हलली की तिच्यामागचं सगळंच हलायचं. कोपऱ्यातल्या मोडक्या टोपल्या, फुटक्या बरण्या, पावसाळ्यातल्या इरल्यांचे सांगाडे, गेल्या साली कुणीतरी ‘लागेल’ म्हणून ठेवलेला दोर. माळ्यावरून एक जण खाली द्यायचा, दुसरा झेलायचा, आजी ओटीवर बसून निवाडा करायची. ठेवायचं, चुलीत घालायचं, कुणाला द्यायचं. चौथा पर्याय नव्हता. दुपारपर्यंत सगळं घर अंगणात आलेलं असायचं आणि आत फक्त भिंती. घरात एवढं सामान आहे हे एकदम एका ठिकाणी दिसायचं. फ्लॅटमध्ये नेमकं हेच होत नाही.

गोधड्या, वाकळी बावखलावर जायच्या. वसईच्या गावागावांत वाडीच्या कडेला असलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाळ्याने काठोकाठ भरलेली असायची. वाडीचं शिंपणं, रहाट, गुरं आणि घरचं धुणं त्यांच्यावरच चाले. अनेक बावखलं आज बुजवली गेली आहेत आणि उरलेल्यांसाठी गावकरी भांडत आहेत. धुणं काठावरच्या कुंपणावर वाळत पडलं की पिंजारी दिसायचा. पावसात ओल धरून कापसाच्या गाद्यांचे गोळे झालेले असत. तो दारात बसून धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजायचा, तिचा तुणतुण आवाज दोन घरांपलीकडे ऐकू जायचा, आणि त्याच गादीतला तोच कापूस दुप्पट फुगून परत खोळीत जायचा. नवी गादी घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. आज फोमची गादी दहा वर्षांनी बसते ती बसते. ती पिंजता येत नाही, जाळू तर मुळीच नये, आणि भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपल्या घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपयोगी कचरा तोच.

किनाऱ्यावर हाच हंगाम वेगळ्या रीतीने उघडतो. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या कोळीवाड्यांत पावसानंतर बांबूच्या वलांड्या पुन्हा बांधल्या जातात आणि त्यांवर बोंबील उन्हात लटकतात. आगाशीत राजेळी केळी सोलून सुकेळी करायला घेतात. तीही याच उन्हाची कमाई. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते, तिथे ती सुकेळी विकायला येतात. ख्रिस्ती कुटुंबांत 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी दफनभूमी साफ होते, कबरींवरचं गवत निघतं, आणि तिथून घराच्या सफाईचा ओघ नाताळापर्यंत चालू राहतो. धर्म वेगळे, सण वेगळे; खराटा सगळ्यांच्या हातात एकाच महिन्यात येतो, कारण ऊन एकच आहे.

मग बदललं काय? वसई-विरार महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा नि 53 गावं एकत्र आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती आणि त्यानंतर इमारती कशा वाढल्या ते नालासोपारा पूर्वेला उभं राहून कुणीही पाहावं. या इमारतींतल्या वन-रूम-किचनला अंगण नाही, ओटी नाही, वाडी नाही. माळा तेवढा आला. न्हाणीघराच्या वर, दोन फूट उंच, काँक्रीटचा, पुढे सनमायकाच्या दोन झडपा. जुना माळा धान्याचा होता, दर वर्षी त्याला रिकामं व्हावंच लागे. नव्या माळ्याला रिकामं व्हायचं कारणच नाही.

असा एखादा माळा उतरवून पाहण्यासारखा असतो. सर्वांत पुढे गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 मध्ये बंदी आली तरी ते आठ वर्षं तिथेच आहेत, कारण टाकायचे कुठे हे ठरलेलं नाही. त्यामागे टीव्हीचं खोकं, वॉरंटी संपून गेली तरी जपलेलं. मग भांडं गमावलेला मिक्सर. लेकाच्या पहिलीपासूनच्या वह्या. एका पिशवीत चार्जर आणि वायरी, ज्यांचे फोन कधीच गेले. लग्नात आलेले स्टीलचे डबे, नाव कोरलेले, एकही वापरलेला नाही. अगदी मागे, भिंतीला टेकून, गावाहून आणलेलं पितळेचं घंगाळ; काळं पडलेलं, पण त्या माळ्यावरची एकमेव गोष्ट जी आणखी शंभर वर्षं टिकेल.

हे सगळं ठेवणाऱ्यांना आळशी म्हणणं सोपं आहे, खरं नाही. वस्तू न सोडण्याला कारणं असतात आणि वसई-विरारमध्ये ती जास्तच आहेत. इथला मोठा वर्ग मुंबईच्या चाळीतून, नाहीतर गाव सोडून आलेला. भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलेल की काय ही धास्ती असलेला माणूस टीव्हीचं खोकं टाकत नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपारा-वसईत रुळांवर पाणी चढलं, गाड्या थांबल्या, मिठागरांत कामगार अडकले आणि वसईत वीज गेली. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तेव्हापासून ‘वर’ ठेवायची सवय लावून घेतली. तिच्यात शहाणपण आहे. फक्त वर काय ठेवायचं हे पाहिलं पाहिजे. कागदपत्रं आणि घंगाळ ठीक. मखर वाचवून काय उपयोग?

दुसरं कारण सगळ्या माणसांचं. डॅनिएल काहनेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग अर्थशास्त्रात गाजलेला आहे. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना मग फुकट दिले आणि विकायचा भाव विचारला; बाकीच्यांना विकत घ्यायचा भाव विचारला. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी जवळजवळ दुप्पट किंमत सांगितली. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. आपल्या माळ्यावरचा मिक्सर बारा वर्षं आपला आहे. तो भंगारवाल्याने सांगितलेल्या भावाला द्यायला जीव का होत नाही, हे यावरून कळतं. मी यासाठी एक साधा प्रश्न सुचवेन: ही वस्तू आज दुकानात एवढ्याच पैशांना दिसली असती तर आणली असती का? उत्तर बहुधा ताबडतोब येतं.

पसाऱ्याने मनावर काय होतं याचाही अभ्यास झाला आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 ते 2005 या काळात 32 मध्यमवर्गीय कुटुंबांची घरं आतून-बाहेरून नोंदली. आईबाप दोघेही नोकरी करणारे, घरात मुलं. त्यातल्या जोडप्यांना आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि त्यांचं बोलणं टिपलं. ज्या बायका घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट कामं यांचेच शब्द पुन्हापुन्हा वापरत होत्या, त्यांच्या लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तितका दिसला नाही. पसारा एकच, घर एकच; तो बोचत होता एकीलाच. भारतातलं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, पुरुष 88 मिनिटं. विरार लोकलचा पुरुष सांगेल की दोन-सव्वादोन तास गाडीत जातात. जातात, खरंच. पण त्याच गाडीच्या लेडीज डब्यात भाजी निवडत बसलेली बाईही तेवढेच तास देते आणि घरी येऊन कुकर लावते.

म्हणून घर काढायचं काम रविवारचं आणि सगळ्यांचं हवं. माळ्यावर नवऱ्याने चढावं, आजी-आजोबांनी निवाडा करावा, मुलांनी आपल्या वह्या आपणच निवडाव्यात. आईने ‘मी करून टाकते’ म्हणू नये. त्या तीन शब्दांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या आळशी केल्या आहेत. अंगण नसेल तर हॉलमध्ये चादर अंथरावी आणि एक माळा, एक कपाट किंवा एक दिवाण पूर्ण रिकामा करून त्याच चादरीवर मांडावा. थोडं इकडचं, थोडं तिकडचं काढलं की सामान फक्त जागा बदलतं. सगळं समोर आलं की आजीचा जुना नियम लावता येतो, फक्त चूल गेली आणि तिच्या जागी आता दोन-तीन दारं उघडायला लागतात.

पहिलं दार बोहारणीचं. डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली बोहारीण अजूनही वसई-विरारच्या सोसायट्यांत दुपारची हाक देते. तिच्याशी घासाघीस करणं ही कला आहे. आपण चार साड्या पुढे करतो. ती एकेक उलगडते, काठ चाचपते, उजेडात धरते आणि बाजूला ठेवते.

“ताई, साडी नाय चालत आता. पँटी काढा साहेबांच्या.”

“या साडीला काय झालंय? एकदाच नेसलेली.”

“म्हणून तर नाय चालत. कुणी नेसतच नाय.”

पाच पँटी आणि दोन शर्टांवर एक स्टीलची टोपली मिळते आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटतं. हा धंदा प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत. दिल्लीच्या रघुबीर नगरात याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे भरतो. चांगले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. फाटक्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात, आणि जुन्या लोकरीचं हरियाणातल्या पानिपतला पुन्हा सूत निघतं. टोपली देऊन कपडा नेणारी ही बाई कुठल्याही ‘रीसायकलिंग’ मोहिमेपेक्षा जास्त कापड वाचवते. तिला सोसायटीच्या फाटकावर अडवणाऱ्या पाट्या काढाव्यात. वसईतून बाहेर गेलेली वस्तू कामाला लागल्याचा जुना दाखलाही आहेच. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर इथल्या पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी नेल्या. मेणवली, भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर अशा देवळांत त्या अजून वाजतात.

नेसायच्या न राहिलेल्या सुती साड्या बोहारीण घेत नसेल तर त्यांची गोधडी शिवता येते. चार-पाच मऊ साड्यांचे थर, वरखाली चांगले पदर, आणि धावदोरा. पैठणी किंवा रेशमी शालू मात्र कडक उन्हात घालू नये. सावलीत, वाऱ्यावर तासभर पसरावा, घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, नाहीतर जर घडीवरच तुटते, आणि सुती मलमलीत गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नयेत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या नकोतच: ज्या बाळांत जी-6-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलिनने फुटू शकतात आणि कावीळ होऊ शकते. पेटीतली जुनी झबली बाळाला घालायच्या आधी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावीत.

रद्दी, पत्रा, पितळ, प्लास्टिकच्या बादल्या यांच्यासाठी दुसरं दार भंगारवाल्याचं. वसई फाटा, पेल्हार, धानीव बाजूची गोदामं त्याच्यावरच चालतात. वायरी आणि चार्जर मात्र त्याला देऊ नयेत. तांब्यासाठी वायरीचं प्लास्टिक उघड्यावर जाळलं जातं आणि तो धूर वस्तीतच राहतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे नवा फोन, फ्रिज घेताना जुना परत देण्याची सोय विचारावी. नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जावं. मुदत संपलेली औषधं, सेल, तुटक्या ट्यूबलाइट ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत, वेगळ्या बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्याव्यात. न सांगता टाकलेलं सगळं शेवटी वसई पूर्वेला गोखिवऱ्याजवळच्या भोयदापाड्याच्या कचराभूमीवर जातं. तिथला डोंगर पाहिलेल्या माणसाला ‘फेकून दिलं’ या शब्दांचं फारसं काही वाटेनासं होतं. काहीच फेकलं जात नाही, फक्त आपल्या डोळ्यांआड होतं.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. जुन्या पत्र्याच्या पेटीतला एकही कागद वडीलधाऱ्यांना न दाखवता टाकू नये. वसईत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत आणि पन्नास वर्षांपूर्वीचा फेरफार, सातबारा, खरेदीखत, बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी काय कधी लागेल सांगता येत नाही. ते उन्हात न ठेवता सावलीत पसरावे, कसर झटकावी, फोटो काढून ठेवावे आणि कोरड्या पिशवीत घालून पुन्हा ‘वर’ ठेवावे. जुने फोटोही तसेच. हे काम सगळ्यांत हळू होतं, कारण प्रत्येक फोटोला कुणीतरी ‘ही कोण रे?’ विचारतं आणि मग आजोबा विरारच्या जुन्या स्टेशनापर्यंत जाऊन येतात. होऊ द्यावं. 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली तेव्हापासून या गावातल्या प्रत्येक घरात गाडीची एखादी गोष्ट आहे; ती अशाच दुपारी बाहेर येते.

आणि ही दुपारच खरी कमाई. घर काढणं म्हणजे घरात राहण्याची तयारी. रोज पहाटे निघून रात्री परतणाऱ्या कुटुंबाला एकत्र बसायला जागा लागते, आणि ती बहुतेक घरांत आहेच, फक्त तिच्यावर काहीतरी ठेवलेलं असतं. दिवाणाखालचं काढलं की कंदील बनवायला बसता येतं. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद, घोटलेली खळ. दोन तास कुणी फोनकडे पाहत नाही, कारण बोटं चिकट असतात. गच्चीवरची मोडकी कुंडी-खुर्ची हलली की कोजागिरीचं दूध तिथे आटवता येतं; चाळीतून आलेल्या आजीला गच्ची हाच इमारतीतला एकमेव ओळखीचा भाग वाटतो. ओट्यावरचे न वापरलेले चार डबे उतरले की चकल्या पाडायला दोघांना शेजारी उभं राहता येतं. चकलीचा सोऱ्या फिरवायला नवरा चांगला. त्याला जोर असतो आणि ‘कडबोळी झाली’ म्हणून त्याला हसताही येतं. मुलांना किल्ला करायला सोसायटीच्या कोपऱ्यातली माती मिळाली तर वसईच्या किल्ल्याचा नकाशा द्यावा. त्याला एका बाजूने समुद्र आणि एका बाजूने खाडी आहे, बालदीभर पाणी लागेल, पण मजा येईल.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची पूजा करायची आणि मध्यरात्रीनंतर घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालवायचं ही रीत आपल्याकडे जुनी आहे. काही घरांत सूप वाजवत तिला हाकलतात. अलक्ष्मी म्हणजे दारिद्र्य, असं पोथी सांगते. वन-रूम-किचनमध्ये राहणारा मात्र तिला ओळखतो; तिच्याकडे चार बादल्या, दोन मोडके पंखे आणि एक न चालणारी ट्रेडमिल असते.

यंदा त्या रात्रीपर्यंत वाट पाहू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या रविवारी एकच माळा घ्या, पूर्ण उतरवा आणि त्यातलं अर्धं परत वर जाणार नाही असं घरातल्या सगळ्यांच्या देखत ठरवा. जे ठेवाल ते ऊन दाखवून ठेवा. फराळाच्या सकाळी हॉलमध्ये सगळ्यांसाठी एक चटई सरळ अंथरता आली पाहिजे. नाही आली, तर अजून एक वस्तू बाहेर काढा.